प्रयोगशाळेतील साक्ष : न्यायसहायक विज्ञानातील पदव्युत्तर शिक्षणाची वाट

आपल्या निवासी शाळेतून बाहेर पडलेली अनेक मुले-मुली पुढे दिवा, कळवा, ठाणे, डोंबिवली, कल्याण या परिसरात राहून विज्ञान शाखेची पदवी घेतात. पदवीच्या अखेरच्या वर्षात त्यांच्यापुढे आणि त्यांच्या पालकांपुढे एकच प्रश्न उभा असतो : पुढे काय? औषध कंपनीतील नोकरी, बी.एड., स्पर्धा परीक्षा ही उत्तरे घरोघरी ठाऊक आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांत आणखी एका नावाची भर पडली आहे, ते म्हणजे 'फॉरेन्सिक'. शासकीय मराठीत त्याला न्यायसहायक विज्ञान म्हणतात. दूरचित्रवाणीवरील मालिकांमुळे हे नाव घरात पोहोचले. परंतु त्यासाठी कोणती पदवी लागते, अर्ज कोठे करावा, कागदपत्रे कोणती लागतात, खर्च कसा भागवावा, ही माहिती मात्र पोहोचली नाही. ती एकत्र मांडावी, आणि या क्षेत्रात आपल्या मुलांनी का जावे हेही सांगावे, एवढा या लेखाचा हेतू आहे.

शास्त्र कोणते आणि काम कोणते

प्रथम एक गैरसमज दूर करू. 'फॉरेन्सिक म्हणजे प्रेतांचे काम' असे म्हणून अनेक पालक, विशेषतः मुलींचे पालक, मागे सरतात. शवविच्छेदन हे न्यायवैद्यकशास्त्राचे काम आहे. ते डॉक्टर करतात आणि त्यात विशेष प्रावीण्य मिळवण्यासाठी आधी एम.बी.बी.एस. व्हावे लागते. न्यायसहायक विज्ञान हे त्याहून वेगळे क्षेत्र आहे. पोलिसांनी पंचनामा करून, मोहोरबंद करून पाठवलेल्या मुद्देमालाची प्रयोगशाळेत तपासणी करणे आणि तिचा लेखी अहवाल देणे, हे या वैज्ञानिकाचे मुख्य काम. रक्ताचा डाग, कपड्याचा तुकडा, व्हिसेरा, जळालेल्या घरातील राख, संशयित दारू, काडतूस, मोबाइल, ध्वनिमुद्रण असे काहीही त्याच्यासमोर येऊ शकते.

मुंबईत सरकारी रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली होती. त्या परंपरेमुळेच आपल्या पोलीस ठाण्यांत आणि न्यायालयांत आजही या अहवालाला 'सीए रिपोर्ट', म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, असे म्हटले जाते. आज राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाचे मुख्यालय मुंबईत सांताक्रूझ पूर्वेला, कलिना येथे विद्यापीठाच्या शेजारी आहे. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, कोल्हापूर, नांदेड येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. जीवशास्त्र व रक्तजलशास्त्र, डीएनए, विषशास्त्र, सामान्य विश्लेषण, दारूबंदी व उत्पादन शुल्क, भौतिकशास्त्र, शस्त्रास्त्रे, सायबर, ध्वनी विश्लेषण आणि मानसशास्त्र असे तेथील कामाचे विभाग आहेत. हस्ताक्षर व अंगुलिमुद्रा यांची तपासणी मात्र आपल्या राज्यात गुन्हे अन्वेषण विभागाच्या अखत्यारीत येते. अर्ज करण्यापूर्वी आपला ओढा यांपैकी कोणत्या कामाकडे आहे, हे विद्यार्थ्याने स्वतःला विचारावे. कारण पुढील सर्व निवड त्यावर अवलंबून आहे.

या कामाशी आपला संबंध काय

दिनांक २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात भीषण स्फोट झाला. काही मृतदेह ओळखण्यापलीकडे गेले होते. आपला माणूस कोणता हे कळण्यासाठी नातेवाइकांना रक्ताचे नमुने देऊन डीएनए तपासणीच्या अहवालाची वाट पाहावी लागली. अपत्याच्या डीएनएचा अर्धा वाटा आईकडून आणि अर्धा वडिलांकडून येतो. या साध्या जीवशास्त्रीय नियमाच्या आधारे प्रयोगशाळेतील कोणीतरी नमुन्यांची तुलना करते, आणि मग एका कुटुंबाला अंत्यसंस्कार करता येतात, नुकसानभरपाईचा अर्ज भरता येतो, मृत्यूचा दाखला मिळतो. कारखान्यांत राबणाऱ्या आपल्या वस्त्यांसाठी हे शास्त्र दूरचे नाही.

दुसरे उदाहरण अधिक वेदनादायक आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. पहिले शवविच्छेदन इतके सदोष होते की मृतदेह पुन्हा बाहेर काढून दुसऱ्यांदा तपासणी करावी लागली. तोवर वेळ निघून गेली होती. हत्येबद्दल शिक्षा झाल्या. परंतु लैंगिक अत्याचाराची बाब न्यायालयात वैद्यकीय पुराव्यानिशी उभी राहू शकली नाही. समाज रस्त्यावर उतरला, मोर्चे निघाले, आणि तरीही पहिल्या काही तासांत जे नमुने घेतले गेले नाहीत ते नंतर कोणत्याही आंदोलनाला परत आणता आले नाहीत. ज्यांच्या बाजूने गावात साक्ष द्यायला कोणी पुढे येत नाही, त्यांच्यासाठी वस्तूंची साक्ष हीच उरते. ती वेळेवर आणि प्रामाणिकपणे नोंदवणारी माणसे प्रयोगशाळेत असली पाहिजेत. ती आपल्या शाळांतूनही गेली पाहिजेत, हे या लेखाचे खरे म्हणणे आहे.

तथागतांनी केसपुत्त येथील कालामांना जो उपदेश केला, त्याचा आशय आपल्या विद्यार्थ्यांना शाळेतच सांगितला जातो : परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नये, स्वतः पारखून घ्यावे. प्रयोगशाळेच्या मेजावर नेमकी हीच वृत्ती लागते. फिर्यादी कोण, आरोपी कोण, तपास अधिकाऱ्याचे मत काय, यांचा परिणाम अहवालावर होता कामा नये. आरोपी आपल्या समाजाचा असो वा फिर्यादी, नमुन्यात जे आहे तेच लिहायचे. आपली मुले तेथे जावीत ती कोणाची बाजू घेण्यासाठी नव्हे. कोणाचाही नमुना दुर्लक्षित राहू नये, यासाठी जावीत.

काळही अनुकूल आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे आणि त्याचे चित्रीकरण करणे अपेक्षित आहे. राज्यांना त्याच्या अंमलबजावणीसाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत दिली आहे. पूर्वी मुद्देमाल प्रयोगशाळेकडे येत असे. आता वैज्ञानिकालाही घटनास्थळी जावे लागणार आहे. त्यासाठी प्रशिक्षित मनुष्यबळ लागेल.

पाया : पदवीचा विषय

न्यायसहायक विज्ञानात एम.एस्सी. करण्यासाठी त्याच विषयाची बी.एस्सी. असलीच पाहिजे, असे नाही. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान यांचे पदवीधर बहुतेक ठिकाणी पात्र असतात. अंकीय व सायबर शाखेसाठी संगणकशास्त्र किंवा माहिती तंत्रज्ञानाची पदवी उपयोगी पडते. किमान गुणांची अट सामान्यतः ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास असते आणि अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना तीत सवलत असते. प्रत्येक संस्थेची अट वेगळी असल्याने त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय अर्जाचे शुल्क भरू नये.

यात एक सूचना महत्त्वाची आहे. आपल्या राज्याच्या प्रयोगशाळांतील अनेक पदांसाठी रसायनशास्त्रासह विज्ञानाची पदवी ही दीर्घकाळ मूळ अट राहिली आहे. म्हणून बारावीनंतर 'फॉरेन्सिक' नावाच्या कोणत्याही अभ्यासक्रमाला धावण्यापेक्षा, त्यात रसायनशास्त्र किती आहे हे आधी पाहावे. ज्याला विषशास्त्रात जायचे आहे त्याने सेंद्रिय व विश्लेषणात्मक रसायनशास्त्र पक्के करावे. ज्याला डीएनए विभागात जायचे आहे त्याने अनुवंशशास्त्र आणि संख्याशास्त्र. स्थानिक महाविद्यालयात तीन वर्षे मन लावून केलेली रसायनशास्त्राची साधी बी.एस्सी. अनेकदा महागड्या खासगी पदवीपेक्षा अधिक दारे उघडते.

संस्था आणि प्रवेशपरीक्षा

आपल्या राज्यात मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. मुंबईची संस्था मादाम कामा मार्गावर, मंत्रालयाच्या परिसरात आहे. दिव्याहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत लोकलने जाऊन पुढे चालत किंवा बसने तेथे पोहोचता येते. म्हणजे घरी राहून शिकणे शक्य आहे. तेथे न्यायसहायक विज्ञान व संबंधित कायदा, तसेच अंकीय व सायबर न्यायसहायक विज्ञान व संबंधित कायदा, या विषयांतील पदव्युत्तर पदविका आहेत. ज्यांना लगेच दोन वर्षांची एम.एस्सी. झेपणार नाही, किंवा ज्यांची रसायनशास्त्राची एम.एस्सी. आधीच झाली आहे, त्यांच्यासाठी एक वर्षाची पदविका हा व्यवहार्य मार्ग ठरतो. संभाजीनगर व नागपूर येथील संस्थांत एम.एस्सी.चे शिक्षण मिळते.

राष्ट्रीय पातळीवर गांधीनगर येथील राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ ही प्रमुख संस्था आहे. २००९ मध्ये गुजरात राज्याचे विद्यापीठ म्हणून ती सुरू झाली आणि २०२० च्या संसदीय कायद्याने तिला राष्ट्रीय दर्जा मिळाला. दिल्ली येथे तिचा परिसर आहे. गोव्यात फोंडा येथेही आहे, आणि कोकण रेल्वेमुळे तो दिवेकरांना परका नाही. नागपूर येथील परिसराची पायाभरणी २०२५ मध्ये झाली. या विद्यापीठात न्यायसहायक विज्ञान, विषशास्त्र, अंकीय न्यायसहायक विज्ञान, सायबर सुरक्षा असे स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. प्रवेशासाठी 'एनफॅट' या नावाने ओळखली जाणारी विद्यापीठाची स्वतःची परीक्षा असते.

केंद्रीय विद्यापीठांसाठी 'सीयूईटी-पीजी' ही सामाईक परीक्षा आहे आणि तीत न्यायसहायक विज्ञानाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. मध्य प्रदेशातील सागर येथील डॉ. हरिसिंह गौर विद्यापीठाचा गुन्हेशास्त्र व न्यायसहायक विज्ञान विभाग देशातील सर्वांत जुन्या विभागांपैकी आहे. छत्तीसगडमधील बिलासपूरच्या गुरू घासीदास विद्यापीठातही हा विषय शिकवला जातो. ही परीक्षा अलीकडच्या वर्षांत मार्चच्या सुमारास झाली असून तिचे अर्ज हिवाळ्यातच भरावे लागतात. म्हणजे तृतीय वर्षाचा निकाल लागण्याची वाट पाहणारा विद्यार्थी तेथे हमखास चुकतो. पाचवे सत्र सुरू असतानाच तयारीला लागावे आणि दिवाळीनंतर संकेतस्थळे नियमित पाहावीत.

खासगी विद्यापीठांच्या आकर्षक जाहिरातींपुढे तीन प्रश्न विचारावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत या विद्यापीठाचे नाव आहे काय? तेथे प्रत्यक्ष उपकरणांवर काम करायला मिळते की केवळ वर्गात शिकवतात? संपूर्ण अभ्यासक्रमाचे शुल्क लेखी किती? ऑनलाइन 'फॉरेन्सिक प्रमाणपत्र' ही पदवी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

कागदपत्रे : येथेच अनेक अर्ज अडतात

गुण चांगले असूनही हातची जागा जाते ती बहुधा कागदपत्रांमुळे. दिवा ही बाहेरून आलेल्या कुटुंबांची वस्ती. कोणी कोकणातून, कोणी खानदेशातून, कोणी मराठवाड्यातून आले. अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र मिळवताना १० ऑगस्ट १९५० या दिनांकाला आपले पूर्वज कोठे राहत होते हे पाहिले जाते. त्यामुळे ठाण्यात जन्मलेल्या मुलालाही आजोबांच्या गावचा पुरावा लागतो : शाळा सोडल्याचा दाखला, महसुली उतारा, किंवा जन्म-मृत्यूची नोंद असलेल्या कोतवाल बुकाची नक्कल.

आपल्या समाजात यात आणखी एक पेच असतो. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक कुटुंबांनी दाखल्यांवर केवळ 'बौद्ध' अशी नोंद केली. धम्माच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु प्रमाणपत्रासाठी मूळ जातीची जुनी नोंद लागते, आणि ती बहुधा १९५६ पूर्वीच्या कागदावरच सापडते. १९९० च्या कायदादुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या व्यक्तींना केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. तेव्हा हक्क निर्विवाद आहे. त्याचा पुरावा शोधणे आपल्या हाती आहे. जातीचा त्याग केलेल्या कुटुंबाला जुन्या जातीचा कागद शोधताना संकोच वाटतो, हे खरे. हा कागद आपली ओळख सांगत नाही. आपल्या पूर्वजांवर झालेल्या अन्यायाची तो सरकारदरबारी नोंद देतो, असे मुलांना समजावून सांगावे.

व्यवहारात पुढील क्रम पाळावा. पदवीच्या पहिल्याच वर्षी जातीचे प्रमाणपत्र आणि जिल्हा जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र मिळवावे. वडील, काका, आत्या किंवा सख्ख्या भावंडांचे वैधता प्रमाणपत्र असल्यास त्याची प्रत सोबत जोडावी. केंद्रीय संस्थांसाठी केंद्र शासनाच्या नमुन्यातील जातप्रमाणपत्र वेगळे काढून ठेवावे. राज्याचा कागद तेथे चालेल असे गृहीत धरू नये. अधिवास प्रमाणपत्र आणि चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला तयार ठेवावा. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि बँक खाते यांवर नावाची अक्षरे एकच आहेत का हे तपासावे. मुलीचे लग्न झाले असल्यास नावबदलाचे राजपत्र काढून घ्यावे.

खर्च आणि शिष्यवृत्ती

शासकीय संस्थांचे शुल्क तुलनेने कमी आहे; राष्ट्रीय विद्यापीठाचे बरेच अधिक. म्हणून शिष्यवृत्तीचा विचार अर्जाच्या आधी करावा. अडीच लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांतील विद्यार्थ्यांना भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास शिक्षण व परीक्षा शुल्काच्या प्रतिपूर्तीची राज्याची योजना आहे. दोन्हींचे अर्ज 'महाडीबीटी' संकेतस्थळावर भरायचे असतात. परराज्यात प्रवेश घ्यायचा असेल तर शुल्क भरण्यापूर्वीच ठाण्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी.

राहण्यासाठी पहिला अर्ज समाजकल्याण विभागाच्या शासकीय वसतिगृहासाठी करावा. तेथे जागा न मिळाल्यास भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यातून भोजन, निवास व निर्वाह यांसाठी मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत साहाय्य विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते. पुढे पीएच.डी.साठी पुण्याच्या 'बार्टी'ची अधिछात्रवृत्ती आणि परदेशी विद्यापीठासाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिक्षण शिष्यवृत्ती आहे. शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा जमा होते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पहिल्या सहा महिन्यांचा खर्च हाताशी असेल अशी तजवीज ठेवावी. येथे माजी विद्यार्थ्यांची मदत मोलाची ठरू शकते.

अर्ज, मुलाखत आणि पुढे

काही संस्था उद्देशपत्र किंवा मुलाखत घेतात. तेथे 'मला लहानपणापासून गुन्ह्यांचे आकर्षण आहे' असे लिहू नये. हे वाक्य परीक्षकांनी शेकडो वेळा वाचलेले असते. पदवीत केलेला एखादा प्रयोग, त्यात आलेली अडचण आणि ती कशी सोडवली, हे साध्या शब्दांत लिहावे. मुद्देमाल घटनास्थळापासून न्यायालयापर्यंत कोणाकोणाच्या हातून गेला याची अखंड नोंद का लागते, मोहोर तुटलेली आढळल्यास काय करावे, एवढे तरी नीट सांगता यावे. नव्या कायद्यातही सरकारी वैज्ञानिकाचा अहवाल थेट पुराव्यात वाचता येतो. परंतु न्यायालय त्याला साक्षीसाठी बोलावू शकते. आपल्या जिल्हा न्यायालयांत मराठीतून कामकाज चालते. मराठी माध्यमात शिकल्याचा न्यूनगंड बाळगणाऱ्या आपल्या मुलांनी हे ध्यानात घ्यावे : गुंतागुंतीची चाचणी न्यायाधीशांना स्वच्छ मराठीत समजावून सांगणे, हे या व्यवसायातील खरे कौशल्य आहे.

नोकरीविषयी अवास्तव आशा देणे योग्य नाही. शासकीय पदांच्या जाहिराती दरवर्षी निघत नाहीत, आणि निघाल्या तरी स्पर्धा मोठी असते. म्हणून एम.एस्सी. करतानाच न्यायसहायक विज्ञानातील यूजीसी-नेटची तयारी करावी. अध्यापनाची वाट त्यातून खुली होते. अन्न व औषध तपासणीच्या प्रयोगशाळा, विमा व बँक क्षेत्रातील फसवणूक तपास, सायबर सुरक्षा कंपन्या येथेही या शिक्षणाचा उपयोग होतो. ज्याचे रसायनशास्त्र पक्के आहे तो रिकाम्या हाताने बसत नाही.

माजी विद्यार्थी व पालकांना अखेरीस एक विनंती. आपल्यापैकी जे महसूल खात्यात, समाजकल्याणात, पोलीस दलात, वकिलीत किंवा अध्यापनात आहेत, त्यांनी वर्षातून एक रविवार शाळेत द्यावा. अकरावी-बारावीच्या मुलांची कागदपत्रे त्या दिवशी तपासून द्यावीत, गावाकडच्या नोंदी कोठे मिळतील ते सांगावे, आणि शक्य असेल तेव्हा मुलांना एखाद्या विज्ञान संस्थेचे अथवा न्यायालयाचे कामकाज दाखवून आणावे. पुढे त्यांतील एखादी मुलगी कलिन्यातील मेजावर मोहोर तपासून पाकीट उघडेल आणि त्यात जे सापडेल तेच, तितकेच लिहील. ज्या कुटुंबाचा तो मुद्देमाल असेल त्याला ती कधी भेटणारही नाही. पण त्याची बाजू नोंदली गेलेली असेल.